रेज अगेन्स्ट द मशीनचा पहिला अल्बम (१९९२): यानंतर रॅप-रॉकमध्ये करण्यासारखं काही उरलं होतं का?

पेडलबोर्ड

'सध्या काय ऐकताय' धाग्यावर परवा कुणीतरी सहज लिहून गेलं की रॅप आणि हार्ड रॉक एकत्र आणलं ते लिंकिन पार्कने. तिथेच भांडलो असतो तर त्या धाग्याचं मातेरं झालं असतं, म्हणून ही वेगळी चूल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या प्रकारात जे करण्यासारखं होतं ते रेज अगेन्स्ट द मशीनने पहिल्याच अल्बममध्ये करून टाकलं. नंतरच्यांनी री ओढली.

३ नोव्हेंबर १९९२ ला एपिक या रेकॉर्ड कंपनीने काढलेला अल्बम. लॉस एंजेलिसचे चौघे: झॅक दे ला रोचा (गायक म्हणा, रॅपर म्हणा), टॉम मोरेलो गिटारवर, टिम कॉमरफर्ड बासवर, ब्रॅड विल्क ड्रम्सवर. दहा गाणी, ५२ मिनिटं. आतल्या कागदावर छापलंय की या रेकॉर्डिंगमध्ये सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा), कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेला नाही. मला ही फुशारकी वाटत नाही, कारण ऐकताना खरोखरच शंका येते. 'नो युअर एनिमी'च्या सुरुवातीला जे काही वाजतं ते गिटार आहे यावर माझा कित्येक दिवस विश्वास बसला नव्हता.

तोवर हे मिश्रण दोनच प्रकारे व्हायचं. एक तर रॅपवाले गिटारचा तुकडा उचलून त्यावर बोलायचे, नाहीतर रॉकवाले एखाद्या रॅपरला पाहुणा म्हणून बोलवायचे. इथे पाहुणा कुणीच नाही. गिटारवालाच डीजेचं काम करतो. आणि दे ला रोचा आधी इनसाइड आउट नावाच्या हार्डकोर बँडमध्ये गळा फाडून आलेला, त्यामुळे त्याच्या रॅपमध्येच ती किंकाळी आहे. बँडचं नावसुद्धा इनसाइड आउटच्या न निघालेल्या रेकॉर्डसाठी ठरलेलं.

तर प्रश्न असा: यानंतरचं एक तरी उदाहरण द्या, ज्यात दोन्ही बाजू तितक्याच वजनाच्या आहेत आणि एक बाजू काढली तर गाणं उभंच राहत नाही. 'विक्री जास्त झाली' हे उत्तर चालणार नाही.

हट्टी_कासव

तो 'कुणीतरी' मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं की पेडलराव.

विक्रीचं उत्तर चालणार नाही हे आधीच सांगून टाकलंत, म्हणजे तिथे दुखतंय. रेजचा पहिला अल्बम अमेरिकेत ३० लाखांच्या प्रमाणपत्रापर्यंत गेला, लिंकिन पार्कचा 'हायब्रिड थिअरी' १ कोटी २० लाखांच्या. असो, ते सोडून बोलू.

'हायब्रिड थिअरी' ऑक्टोबर २००० मध्ये आला. जेमतेम ३८ मिनिटं आणि त्यात एक सेकंद फुकट नाही. शिनोदा बोलतो, बेनिंग्टन ओरडतो, आणि दोघं एकमेकांची वाक्यं पुरी करतात. यातला एक काढा आणि बघा गाणं उभं राहतंय का. रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांना शिनोदाचं रॅप नकोच होतं, बँड अडून बसला म्हणून राहिलं. तुमच्या व्याख्येत हे बसतंय की नाही?

दुसरं, आमच्या होस्टेलवर प्रत्येक मजल्यावर तो अल्बम वाजायचा त्याला कारण होतं. अठराव्या वर्षी मला रेजच्या गाण्यांतल्या एफबीआयशी काय देणंघेणं होतं? माझं भांडण स्वतःशी, घरच्यांशी आणि तिसऱ्या सेमिस्टरच्या मॅथ्सशी होतं. तो अल्बम त्याबद्दल बोलत होता.

कोपरखळी

शेंगदाणे भाजून बसलोय. चालू द्या.

टेपरेकॉर्डर

दोघांच्याही आधी बरंच काही होऊन गेलंय, मंडळी.

१९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाने रॉक बँड एरोस्मिथचं 'वॉक धिस वे' खुद्द एरोस्मिथच्या स्टीव्हन टायलर आणि जो पेरीला घेऊन केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बीस्टी बॉइजचा 'लायसन्स्ड टू इल' आला, तोही पहिलाच अल्बम, आणि बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला रॅप अल्बम. त्याच्या पहिल्याच गाण्यात लेड झेपलिनचे ड्रम्स उचललेत आणि 'नो स्लीप टिल ब्रुकलिन'मध्ये स्लेयर या मेटल बँडच्या केरी किंगचा सोलो आहे. निर्माता रिक रुबिन, जो त्याच काळात स्लेयरचंही काम करत होता. १९८९ मध्ये हॉलंडच्या अर्बन डान्स स्क्वॉडने पुढची पायरी गाठली. १९९१ मध्ये मेटलवाल्या अँथ्रॅक्सने रॅपवाल्या पब्लिक एनिमीला बरोबर घेऊन 'ब्रिंग द नॉइज' केलं. रेजच्याच वर्षी रॅपर आइस-टीच्या बॉडी काउंट बँडचा अल्बम आला आणि 'कॉप किलर'वरून एवढं रान उठलं की ते गाणं अल्बममधून काढावं लागलं.

म्हणजे 'पहिलं कोण' हा वाद निकालात. पण पेडलबोर्ड 'पहिलं' म्हणतच नाहीयेत, 'शेवटचं' म्हणताहेत. ते जास्त धाडसाचं आहे.

अवांतर: माझ्याकडे हा अल्बम आला तो मामेभावाने मस्कतहून आणलेल्या कॅसेटची कॉपी म्हणून, ९० मिनिटांच्या टेपवर. उरलेल्या जागेत त्याने ब्रायन अ‍ॅडम्स भरला होता. त्यामुळे 'फ्रीडम' संपून शेवटची किंचाळी विरली की लगेच प्रेमगीत सुरू व्हायचं. आजही ते गाणं संपलं की माझे कान ब्रायन अ‍ॅडम्सची वाट बघतात.

निळी शाई

कव्हरबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

तो फोटो ११ जून १९६३ चा, सायगावमधला. थिक क्वांग डुक या बौद्ध भिक्षूने भर चौकात स्वतःला जाळून घेतलं. दक्षिण व्हिएतनाममध्ये डिएम सरकार बौद्धांची जी गळचेपी करत होतं तिच्या निषेधात. एपी वृत्तसंस्थेच्या माल्कम ब्राउनने काढलेला फोटो, त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार त्यालाच. भिक्षू पद्मासनात ताठ बसलाय, ज्वाळा वाऱ्याने एका बाजूला झुकल्यात, मागे त्याचीच गाडी बॉनेट उघडून उभी आहे. ते उघडं बॉनेट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. किती साधी, घाईत राहून गेल्यासारखी गोष्ट.

एका माणसाचं असं मरण सीडीच्या डबीवर छापून विकावं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता, आजही आहे. आणि विकतंय कोण, तर सोनीच्या मालकीचं एपिक. सगळी यंत्रणा मोडून काढा असं सांगणारा अल्बम यंत्रणेच्याच गोदामातून दुकानात पोचतो. अल्बम मला आवडतो, पण ही ठसठस राहतेच.

(कासव, लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांच्या मारहाणीवरून दंगल पेटली, त्यातून या अल्बममधलं 'किलिंग इन द नेम' आलं. त्याला 'एफबीआयशी देणंघेणं' म्हणून झटकता येत नाही.)

कोपरखळी

यंत्रणेविरुद्ध धागा, आणि तो वाचतोय मी ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर. माझ्यावरही एखादं गाणं होऊन जाऊ दे.

वाळवंटी चाफा

निळी शाई, एक दुरुस्ती. मी १९९२ मध्ये लॉस एंजेलिसमध्येच शिकत होते, म्हणून लिहिते.

रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी मारलं ते मार्च १९९१ मध्ये. समोरच्या इमारतीतल्या एका माणसाने ते व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलं म्हणून जगाला कळलं. गाणं त्यानंतरच्या महिन्यांतलं आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये नॉर्थरिजच्या विद्यापीठात बँडचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला तेव्हा ते वाजवलं होतं, चित्रफीत उपलब्ध आहे. मोकळ्या आवारात दुपारी, शब्द न गाता, आणि विद्यार्थी दप्तरं खांद्याला अडकवून नुसतेच शेजारून जाताहेत. चार पोलिसांना सोडून देणारा निकाल आला २९ एप्रिल १९९२ ला आणि दंगल त्याच संध्याकाळी पेटली. म्हणजे गाणं दंगलीच्या आधीचं. दंगलीनंतर लिहिलं असतं तर त्याची निषेधगीत म्हणून नोंद झाली असती. आधी लिहिलंय म्हणून ते जास्त बोचतं.

त्या दिवसांबद्दल काय सांगू. आम्हाला विद्यापीठाच्या आवाराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. खोलीच्या खिडकीत राख येऊन पडायची. शेजारच्या कोरियन मुलीच्या काकांचं किराणा दुकान होतं, ती दोन दिवस फोनजवळून हलली नाही. साठाहून जास्त माणसं मेली त्या आठवड्यात. अल्बमचं रेकॉर्डिंग त्याच वसंतात शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हॅन नाइजच्या साउंड सिटी स्टुडिओत चाललं होतं. आम्हाला अर्थातच तेव्हा त्याचा पत्ता नव्हता.

पेडलबोर्ड

चाफाताई, यासाठीच हे संस्थळ उघडतो. आभार.

कासवा, बेनिंग्टन-शिनोदा जोडीबद्दल दुमत नाही. पण 'हायब्रिड थिअरी'तली गिटार कधी नीट ऐकलीयेस का? ती भिंत आहे. छान, जाड, गुळगुळीत भिंत. रॅपशी ती बोलत नाही, मागे उभी राहते. मोरेलो दे ला रोचाला उत्तरं देतो.

निवृत्त_वाचक

नातवाने हेडफोन दिला म्हणून यातली तीन गाणी ऐकली. मी आयुष्यभर तबला ऐकलेला माणूस, पाश्चात्त्य रॉकमधलं मला काही कळत नाही. तरी लिहितो.

हे गृहस्थ गात नाहीत, सूर लावत नाहीत अशी प्रथम तक्रार होती. मग लक्षात आलं की मी चुकीच्या माणसाकडून सुराची अपेक्षा करतोय. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा धरलेला असतो, तोच तो, आवर्तनामागून आवर्तन, न कंटाळता. त्यावर तबलजी कायदा मांडतो, पलटे करतो, समेला येतो. इथे लेहरा गिटारकडे आहे आणि बोल या गृहस्थांच्या तोंडात. 'बुलेट इन द हेड' नावाच्या गाण्यात तर ते शांतपणे सुरुवात करून लय न बदलता जोर वाढवत नेतात आणि मग मंडळी एकदम द्रुतात शिरतात. त्या ठिकाणी मी खुर्चीत पुढे सरकलो हे कबूल करतो.

शिव्या फार आहेत.

सोलकढी

काका, दंडवत! पंधरा वर्षं बास वाजवतोय, 'लेहरा' हा शब्द सुचला नव्हता. माझं काम नेमकं तेच. एकच तुकडा चार मिनिटं धरून ठेवायचा आणि हलायचं नाही.

मोरेलोच्या करामती विचारतात म्हणून थोडं तांत्रिक. लेस पॉल पद्धतीच्या गिटारला दोन पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) आणि दोघांना वेगळे व्हॉल्यूम. एकाचा व्हॉल्यूम शून्यावर, दुसऱ्याचा पूर्ण. आता मधला स्विच खटाखट हलवला की आवाज चालू-बंद होतो. डावा हात तारांवर, उजवा स्विचवर. झाला की नाही डीजे? 'किलिंग इन द नेम'च्या सोलोत व्हॅमी पेडल आहे, पायाने दाबलं की सूर सप्तक-दोन सप्तकं वर उडतो. पेडल बाजारात मिळतं, पोरं विकत घेतात आणि महिनाभरात माझ्याकडे येऊन म्हणतात, सर, तसं वाजत नाही. अरे, त्या माणसाने तास न् तास रियाझ केलाय मरे.

त्या गाण्याचा मूळ तुकडाच शिकवणीत सुचलेला. मोरेलो एका विद्यार्थ्याला ड्रॉप-डी ट्यूनिंग दाखवत होता, म्हणजे सगळ्यात जाड तार एक सूर उतरवायची. दाखवता दाखवता हाताला हे लागलं, शिकवणी थांबवून त्याने ते टेपवर घेतलं. मी एवढी वर्षं ड्रॉप-डी शिकवतोय, माझ्या हाताला अजून काही लागलेलं नाही.

सदूभाऊ_साउंडवाले

आता आमचं ऐका. मी साउंड लावतो. लग्न, गॅदरिंग, भाषण, काय वाटेल ते. गेली कित्येक वर्षं बेस-टॉपचे स्पीकर रचून झाले की पहिलं गाणं लावतो ते 'किलिंग इन द नेम'. मी एकटाच नाही, जगभरचे साउंडवाले आणि हाय-फायवाले स्पीकर तपासायला हाच अल्बम काढतात.

कारण सांगतो. हल्लीची गाणी पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत ठोकलेली असतात. मीटरचा काटा वर जाऊन चिकटतो तो गाणं संपेपर्यंत खाली येत नाही. या अल्बममध्ये हळू म्हणजे खरंच हळू आहे. सुरुवातीला बास एकटा येतो, झांज हलकी, मग स्नेअरचा फटका पडतो तो थेट छातीत. सिस्टिममध्ये कुठे घोडं पेंड खातंय ते तीस सेकंदांत कळतं. रेकॉर्डिंग करताना यांनी स्टुडिओत पीए, म्हणजे कार्यक्रमाचे स्पीकर लावून, माणसं समोर बसवून, कार्यक्रम केल्यासारखं वाजवलं. निर्माता गार्थ रिचर्डसन.

आणि मिक्सिंग कुणाचं? अँडी वॉलेस. या माणसाचं नाव लिहून ठेवा. टेपरेकॉर्डर म्हणाले ते १९८६ चं 'वॉक धिस वे', त्यात इंजिनिअर हाच. निर्व्हानाचा 'नेव्हरमाइंड' मिक्स केला यानेच. रेजचा हा अल्बम यानेच. आणि कासवबुवा, तुमच्या 'हायब्रिड थिअरी'चं मिक्सिंगही यानेच. म्हणजे तुम्ही दोघं भांडताय ते एकाच माणसाच्या दोन पोरांवरून.

एक किस्सा. एका कॉलेजात गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी सिस्टिम तपासत होतो. गाण्याचा शेवट तुम्हाला माहीत आहे, एकच वाक्य परत परत, शिवीसकट. मी केबल शोधायला स्टेजखाली शिरलेलो, बंद करायला कुणी नाही. वर येतो तर उपप्राचार्य समोर हात मागे बांधून उभे. गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "जोश आहे. पोरांच्या संचलनाला हेच लावा." मी हो म्हणून मान डोलावली आणि संचलनाला बँडबाजाची सीडी लावली.

कोपरखळी

सदूभाऊ _/\_
संचलन बघायला मी तिकीट काढून आलो असतो.

हट्टी_कासव

उपप्राचार्यांचा किस्सा माझ्याच बाजूचा आहे! शब्द कुणी ऐकतच नाही. २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार पॉल रायन हा रेजचा चाहता असल्याचं बाहेर आलं. श्रीमंतांचे कर कमी करा आणि सरकारी योजना कापा म्हणणारा माणूस. मोरेलोने मग लेख लिहून त्याची सालटी काढली की आमची गाणी ज्या यंत्राविरुद्ध आहेत ते यंत्र म्हणजे तूच. पण रायन ऐकत होताच ना? त्याला गिटार पोचली, बाकी काही नाही. मग दोन्ही बाजू तितक्याच वजनाच्या हा दावा कुठे राहिला?

निळी शाई

कासव, हा मुद्दा भारी आहे. पण तो ऐकणाऱ्याचा दोष झाला. 'फ्रीडम' हे गाणं लेनर्ड पेल्टियरबद्दल आहे, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चळवळीतला, तेव्हा तुरुंगात असलेला कार्यकर्ता. त्याच्या व्हिडिओत खटल्याची माहिती अक्षरशः पडद्यावर लिहून दाखवलीये. याहून सोपं करून कसं सांगायचं?

आणि ही माणसं हवेतून आलेली नाहीत. मोरेलो हार्वर्डचा पदवीधर, एका सिनेटरच्या कचेरीत नोकरी केलेला. वडील केनियाचे, संयुक्त राष्ट्रांत त्या देशाचे प्रतिनिधी होते. आई शिक्षिका, तिने गाण्यांवरच्या सेन्सॉरशिपविरुद्ध पालकांची संघटना काढली होती. दे ला रोचाचे वडील चिकानो (मेक्सिकन वंशाचे अमेरिकन) चित्रकार, 'लॉस फोर' गटातले. आपल्याकडे शाहिरी अशा घरांतून आणि वस्त्यांतून आली, ती परंपरा डोळ्यांसमोर आणा.

टेपरेकॉर्डर

शाहिरीशी तुलना जरा जपून. शाहीर गिरणीच्या फाटकावर जाऊन गायचे, समोर ज्यांच्याबद्दल गाणं आहे तेच लोक बसलेले. रेजच्या समोर बहुतेक उपनगरातली गोरी पोरं होती. तो फरक लहान नाही.

निळी शाई

मान्य, पण अर्धंच. उपनगरातल्या पोरांनाच सांगायची गरज जास्त होती.

सोलकढी

शब्द ऐकण्यावरून एक गोष्ट सांगतो.

डिसेंबर २००९. कांदोळीच्या एका शॅकमध्ये आमचं त्रिकूट वाजवायचं. रेगे, थोडं ईगल्स, नाताळाची गाणी. तेव्हा सीझनला निम्मे टेबल इंग्लिश लोकांचे. एका रविवारी रात्री त्यांच्यात एकदम आरडाओरडा, मिठ्या, बिअर उडवणं. मला वाटलं फुटबॉल. तर म्हणे 'किलिंग इन द नेम' ब्रिटनमध्ये नाताळच्या आठवड्यात नंबर वन झालं!

तिथे टीव्हीवरच्या 'एक्स फॅक्टर' स्पर्धेचा विजेता दरवर्षी तो मान घेऊन जायचा. कंटाळून एका नवराबायकोने फेसबुकवर मोहीम काढली की यंदा सगळ्यांनी सतरा वर्षं जुनं हे गाणं विकत घ्या. लोकांनी घेतलं, आणि विजेता जो मॅकएल्डरी दुसरा आला. मोहिमेतून बेघरांसाठी काम करणाऱ्या 'शेल्टर' संस्थेसाठी पैसेही जमले. बँडने कबूल केल्याप्रमाणे पुढच्या जूनमध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कात फुकट कार्यक्रम केला.

त्या रात्री त्यांनी आमच्याकडे तेच गाणं मागितलं. ड्रमरकडे फक्त काहोन, म्हणजे बसून वाजवायचा लाकडी खोका. वाजवलं. शेवटच्या ओळी पन्नास माणसं टेबलावर मुठी आपटून म्हणतायत, आणि मालकाची आई काउंटरमागे बसून टाळ्यांचा ठेका धरतेय. आम्ही दुसऱ्यांदाही वाजवलं.

कोपरखळी

सोलकढीभाऊ, या गोष्टीचा खरा शेवट मी सांगतो. रेज सोनीकडे. मॅकएल्डरीचं गाणंही सोनीकडेच. सासू जिंको की सून, दागिने घरातच.

बीबीसीचंही सांगायला हवं. त्याच आठवड्यात रेडिओवर थेट वाजवायला बोलावलं आणि विनंती केली की तेवढा शेवट शिवीशिवाय म्हणा. ज्या गाण्याचा अर्थच 'तुम्ही सांगाल ते ऐकणार नाही' असा आहे, त्याच्याबद्दल ही विनंती! दे ला रोचाने आधी शब्द गिळला, मग सोडला. निवेदिका माफी मागत राहिली.

संपादक

टेस्टिंगला गाणी कुठली आणि स्पीकर कुठले घ्यावेत याबद्दलचे काही प्रतिसाद 'घरगुती साउंड सिस्टिम' या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयाला धरून बोला.

सदूभाऊ_साउंडवाले

हलवलंत ते ठीक, पण त्यात माझा ॲम्प्लिफायरवरचा एवढा मोठा प्रतिसाद अर्धाच दिसतोय.

पेडलबोर्ड

सोनीबद्दल. मला निळी शाईंची ठसठस कळते, पण पर्याय काय होता? बँडने १९९१ मध्ये स्वतः कॅसेट काढली होती, बारा गाण्यांची, कव्हरला शेअर बाजाराच्या भावांचा कागद आणि त्यावर खरी आगकाडी चिकटवलेली. कार्यक्रमात हातोहात विकली. कल्पना झकास. पण ती मस्कतच्या दुकानात आली असती का? टेपरेकॉर्डरच्या मामेभावाने ती आणली असती का?

आता कासवाचा रायनचा मुद्दा. तो या अल्बमच्या विरोधात नाही, नंतर आलेल्यांच्या विरोधात आहे. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनीही पॉल रायनसारखंच ऐकलं. त्यांना दिसलं की जड गिटार अधिक रॅप म्हणजे पैसा. शब्दांच्या जागी काहीही भरा. त्यातून लिम्प बिझकिट हा बँड आला. २००० च्या एमटीव्ही पुरस्कारांत लिम्प बिझकिटला रॉक व्हिडिओचं बक्षीस मिळालं तेव्हा कॉमरफर्ड मंचाच्या सांगाड्यावर चढून बसला, उतरेना. पोलिसांनी नेला. नंतर एकदा त्याने लिम्प बिझकिटला जन्म दिल्याबद्दल माफीही मागितली.

हट्टी_कासव

लिम्प बिझकिटचं बिल लिंकिन पार्कच्या नावावर फाडू नका. 'हायब्रिड थिअरी'त एकही शिवी नाही, एकही बाई नाचत नाही, आणि कुणी 'मी किती भारी' असं सांगत नाही. त्या काळात हे रेजइतकंच उलट्या प्रवाहाचं होतं. २०१७ मध्ये बेनिंग्टन गेला तेव्हा आमच्या जुन्या होस्टेल ग्रुपवर, जिथे एरवी फक्त वाढदिवस आणि शेअरचे भाव येतात, तिथे लोकांनी पानंच्या पानं लिहिली. कोणाला काय झालं होतं, कोण कशातून गेलं होतं. बारा वर्षं एकत्र राहूनही जे कुणी बोललं नव्हतं ते. शब्द पोचले नाहीत असं तिथे तरी म्हणता येणार नाही.

वाळवंटी चाफा

कासव, हे वाचून थांबले थोडा वेळ. तुमचा मुद्दा मला पटतो आणि पेडलबोर्ड यांचाही. एक अल्बम रस्त्यावर काय चाललंय ते सांगतो, दुसरा बंद खोलीत. त्यांना एका तराजूत का घालायचं?

टेपरेकॉर्डर

घालायचं, कारण धागा त्यासाठीच काढलाय. :)

मूळ प्रश्नाकडे येतो. नंतरचं उदाहरण हवंय ना? दिल्लीचा ब्लडीवूड. २०२२ चा 'रक्षक', त्यांचाही पहिलाच स्वतःच्या गाण्यांचा पूर्ण अल्बम. ढोल, जड गिटार, हिंदी-पंजाबी गाणं आणि राउल केरचं इंग्रजी रॅप. विषय भ्रष्टाचार, छळ, नैराश्य. म्हणजे तुमच्या दोघांचंही. ढोल काढून बघा, गाणं उभं राहत नाही.

निळी शाई

माझ्याकडून मुंबईचा स्वदेशी हा रॅप गट. २०१९ मधलं 'द वारली रिव्होल्ट', आरेतल्याच प्रकाश भोईर यांच्याबरोबर, आरेच्या जंगलाबद्दल. मावलीचं रॅप मराठीत. टेपरेकॉर्डर म्हणाले ना, समोर ज्यांच्याबद्दल गाणं आहे तेच लोक बसलेले? इथे तर ज्यांच्याबद्दल आहे ते गाण्यातच आहेत.

पेडलबोर्ड

स्वदेशी मलाही फार आवडतं, पण त्यात हार्ड रॉक कुठाय? ते रॅप आणि लोकसंगीत. बाद.

ब्लडीवूड जवळ येतं, पण तिथे गिटार पुन्हा भिंतच आहे, उत्तरं ढोल देतो. अर्धा गुण. कासवाला होस्टेलच्या पोस्टसाठी पाऊण, तोही चाफाताईंच्या भिडेखातर. माझा दावा कायम.

निवृत्त_वाचक

परीक्षक महाशय, स्वतःच्या अल्बमला किती गुण दिलेत तेही कळू द्या. मी आता दहाही गाणी ऐकली. 'सेटल फॉर नथिंग' मला अघळपघळ वाटलं आणि 'टाउनशिप रिबेलियन' मध्येच सुटतं. दहाला दहा नव्हे.

पेडलबोर्ड

काका, 'सेटल फॉर नथिंग'बद्दल बोलाल तर मी सभात्याग करीन.

सदूभाऊ_साउंडवाले

भांडू नका, सोपं आहे. पुढच्या रविवारी नाशकात मैदानावर काम आहे, सिस्टिम दुपारपासून लावून ठेवणार. दोन्ही अल्बम आणा, सीडी, मोबाइलवरचं नको. मिक्सिंग एकाच माणसाचं, मी आवाजाची पातळी मीटरवर सारखी करून देतो. 'बॉम्बट्रॅक' आणि कासवाचं जे काय असेल ते एकामागोमाग लावू. मागे उभं राहून ज्याचे केस हलले तो हरला.

हट्टी_कासव

'पेपरकट'. येतो. माझ्या सीडीवर ओरखडा आहे, चालेल का?

सोलकढी

शनिवारी ठेवा की, रविवारी माझं गिग आहे.